टाकळीचे शंख आणि कातळात कोंडलेला वायू

नागपुरात भूगर्भाची दोन जगे एकमेकांना टेकतात. सीताबर्डीच्या टेकडीवरून पश्चिमेकडे निघाले की पायाखाली काळा कातळ लागतो आणि सह्याद्री उतरून कोकणात पोहोचेपर्यंत तो साथ सोडत नाही. ईशान्येला रामटेक-मनसरच्या अंगाने गेले तर हाच कातळ थोड्या अंतरावर संपतो. तिथे त्याच्याहून कितीतरी जुने पट्टिताश्म, संगमरवर आणि मँगनीजचे थर वर आलेले आहेत. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड या शहरातून जाते. हा काळा कातळ किती जुना, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपुरातून मोठ्या जिद्दीने विचारला गेला. त्याचे खात्रीचे उत्तर यायला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली. ते शेवटी दिले एका वायूने, आणि तोही असा की जो सहसा कोणत्याच मूलद्रव्याशी संयोग पावत नाही.

१८४५ च्या फेब्रुवारीत स्टीफन हिस्लॉप हे सत्तावीस वर्षांचे स्कॉटिश मिशनरी नागपुरात आले. भोसल्यांचे राज्य अजून होते. हिस्लॉप मराठी शिकले, शाळा काढली, गोंडांच्या गावांत हिंडून त्यांची गाणी आणि कुळकथा लिहून घेतल्या. हिंडताना नजर जमिनीवर असायची. १८५० नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना शहराच्या वायव्येला टाकळीजवळ असा एक थर सापडला, ज्याने त्यांचे उरलेले आयुष्य व्यापले.

थर पातळ होता. खाली लाव्हा, वर लाव्हा आणि मधे एका जुन्या तळ्याचा कडक झालेला गाळ. त्या गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख होते. त्यांतल्या फुगीर, डावखुऱ्या वळणाच्या शंखाला ‘फायसा प्रिन्सेपी’ हे नाव आधीच मिळाले होते, कारण निर्मळच्या डोंगरातून माल्कमसन यांनी तो पूर्वीच गोळा केला होता. टाकळीला मात्र त्याच्या सोबतीला बिया होत्या, फळे होती, भुंग्यांचे कठीण पंख होते, डोळ्यांना जेमतेम दिसतील असे कवचधारी जलजीव होते. याचा अर्थ हिस्लॉप यांना तत्काळ कळला. एक प्रवाह येऊन थिजला, मग दीर्घ शांतता झाली. त्या शांततेत पाऊस पडला, तळे साचले, काठावर झाडे वाढली, पाण्यात गोगलगायी पिढ्यानपिढ्या जगल्या, आणि मग पुढचा प्रवाह येऊन त्या सगळ्यावर पसरला. सीताबर्डीच्या टेकडीतही लाव्हाच्या दोन थरांमध्ये असाच गाळाचा पट्टा त्यांना दिसला. अशा थरांना पुढे इंटरट्रॅपियन म्हणू लागले, आणि टाकळीचे नाव जगभरच्या भूवैज्ञानिकांना ठाऊक झाले.

हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसरावरचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात आला. १८६० मध्ये हिस्लॉप यांनी शंखांचे सविस्तर वर्णन करून त्यांचा काळ तृतीयक ठरवला, म्हणजे डायनासोर संपल्यानंतरचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या मंडळींना हे पटेना. ट्रॅपच्या, म्हणजे या लाव्हाच्या थरांच्या, खालचे लॅमेटा आणि बाघचे थर क्रिटेशस काळाकडे, म्हणजे डायनासोर संपण्याआधीच्या काळाकडे, बोट दाखवत होते, त्यामुळे ट्रॅपची सुरुवात तरी क्रिटेशसमध्ये झाली असावी असे त्यांचे म्हणणे होते. दोन्ही पक्ष प्रामाणिक होते आणि दोघांकडेही साधन एकच होते, ते म्हणजे जीवाश्मांची तुलना. तुलनेने आधी कोण आणि नंतर कोण हे कळते. किती वर्षांपूर्वी, हे कळत नाही.

टाकळीच्या कातळातून हिस्लॉप यांनी एक गवतासारखे हिरवेगार कॅल्साइटही गोळा केले होते. डब्लिनचे सॅम्युएल हॉटन यांनी १८५९ मध्ये त्याचे पृथक्करण करून त्याला हिस्लॉपाइट हे नाव दिले. तो हिरवा रंग कॅल्साइटचा नव्हता, त्यात मिसळलेल्या ग्लॉकोनाइटसारख्या खनिजाचा होता, आणि त्या खनिजात पोटॅशियम भरपूर असते. पोटॅशियम जिथे आहे तिथे काळ मोजण्याची सोय आहे, हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून बोरीकडे परतत असताना अंधारात पुराच्या ओढ्यात बुडाले. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. गोंडांविषयीची त्यांची टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून आणली. हिस्लॉप कॉलेज त्यानंतर वीस वर्षांनी, १८८३ मध्ये उभे राहिले. या माणसाकडे नागपूर केवळ एका कॉलेजच्या नावापुरते पाहते याचे मला वाईट वाटते. विदर्भाच्या जमिनीखाली काय आहे हे इतक्या बारकाईने पाहणाऱ्या पहिल्या पिढीत ते होते.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ज्या कुळातल्या वायूने दिले, त्याची गोष्ट त्यांच्या मृत्यूनंतर पाचच वर्षांनी सुरू होते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली भारतावरून गेली. गुंटूरला झान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला. कोकणात विजयदुर्गाशी नॉर्मन लॉकयर यांचे नाव जोडले जाते, पण लॉकयर यांनी त्या वर्णपटातली पिवळी रेषा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली. पृथ्वीवर ठाऊक असलेल्या कोणत्याही पदार्थाशी ती रेषा जुळेना, म्हणून सूर्यावर नवे मूलद्रव्य मानले गेले. ते हेलियम. पृथ्वीवर ते सापडले एका खनिजात. १८९५ मध्ये विल्यम रॅम्से यांनी क्लिव्हाइट हे युरेनियमचे खनिज आम्लात तापवले आणि बाहेर आलेल्या वायूच्या वर्णपटात तीच पिवळी रेषा झळकली. त्याआधी अमेरिकेत हिलब्रँड यांनी अशाच खनिजातून वायू काढला होता, पण तो नायट्रोजन समजून सोडून दिला.

रॅम्से त्या वेळी राजवायूंच्याच, म्हणजे सहसा कशाशीच संयोग न पावणाऱ्या वायूंच्या, मागे होते. लॉर्ड रॅले यांना हवेतून मिळवलेला नायट्रोजन रासायनिक संयुगांतून मिळवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरत होता. एका लिटरमागे फरक सुमारे सात मिलिग्रॅमचा. रॅले यांनी तो फरक चूक म्हणून झटकून टाकला नाही. १८९४ मध्ये त्या दोघांनी जाहीर केले की हवेत आणखी एक वायू आहे आणि तो कशाशीच क्रिया करत नाही. हाच अरगॉन. आपण श्वासात घेतो त्या हवेत तो जवळजवळ एक टक्का आहे, कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून अधिक. इतका अरगॉन आला कुठून, हा प्रश्न मात्र चाळीस वर्षे तसाच राहिला.

हेलियमचे कोडे आधी सुटले. युरेनियम आणि थोरियमचे अणू फुटताना अल्फा कण बाहेर पडतात, तो कण थांबला की हेलियमचा अणू होतो, आणि स्फटिकाच्या आत तयार झालेला हा अणू तिथेच अडकून पडतो. खनिजात युरेनियम किती आणि हेलियम किती हे मोजले तर खनिजाचे वय निघेल, ही कल्पना अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या पाच वर्षांत मांडली. रॅले यांचे चिरंजीव आर. जे. स्ट्रट यांनी पुढे कित्येक खनिजे तपासली आणि एक अडचण स्पष्ट केली. हेलियमचा अणू इतका लहान असतो की स्फटिकातून तो हळूहळू निसटतो, म्हणून मिळणारे वय हे कमीत कमी वय. भारतातही या मार्गाने प्रयत्न झाले. बनारस हिंदू विद्यापीठाचे व्ही. एस. दुबे यांनी आर्थर होम्स यांच्यासह १९२९ मध्ये इंग्लंडमधल्या अग्निजन्य खडकांची हेलियमवरून काढलेली वये प्रसिद्ध केली आणि पुढच्या वर्षी ग्वाल्हेरच्या खडकांची हेलियम-गुणोत्तरे मांडली. पद्धत बुद्धिमान होती, पण हा वायू धरून ठेवणे दगडाला जमत नव्हते.

याच सुमारास नागपूर परिसरातला जुना वाद पुन्हा पेटला. छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला दगड झालेली ताडवर्गीय फळे सापडत होती. निपा या दलदलीतल्या ताडाशी जुळणारी फळे युरोपात तृतीयकातल्या इओसीन काळात मुबलक आहेत. लखनौचे बिरबल साहनी यांनी १९३४ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये सरळ प्रश्न टाकला की दख्खनचा ट्रॅप क्रिटेशस की तृतीयक? त्यांचा कौल तृतीयकाकडे होता. सत्तर वर्षांनी पारडे पुन्हा हिस्लॉप यांच्या बाजूला झुकले, पण पुरावा याही वेळी तुलनेचाच.

१९३७ मध्ये कार्ल फ्रीड्रिख फॉन वाइट्सॅकर यांनी अरगॉनचा उगम सुचवला. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दर दहा हजार अणूंमागे एकाहून थोडा अधिक अणू किरणोत्सारी असतो, पोटॅशियम-४०. त्याचे अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षांचे. त्यातले बहुतेक अणू कॅल्शियम होतात आणि नवांतला साधारण एक अरगॉन-४० होतो. हवेतला अरगॉन जवळजवळ सगळा हाच आहे, असे वाइट्सॅकर यांचे अनुमान होते. १९४८ मध्ये ऑल्ड्रिच आणि नीअर यांनी जुन्या पोटॅशियम खनिजांत खरोखरच असा अरगॉन कोंडलेला असल्याचे दाखवले. पृथ्वीच्या जन्मापासून तयार झालेल्या या वायूपैकी अंदाजे निम्मा खडकांतून सुटून हवेत आला आहे आणि उरलेला अजून खाली दगडातच आहे. नागपुरात महाराजबागेत उभे राहून घेतलेल्या प्रत्येक श्वासात खडकाने सोडलेला वायू असतो, ही गोष्ट मला कोणत्याही पुराणकथेइतकी अद्भुत वाटते.

लाव्हाच्या बाबतीत हे घड्याळ कसे चालते तेही पाहण्यासारखे आहे. लाव्हा वितळलेला असतो तोवर त्यातला अरगॉन उडून जातो. तो थिजू लागला की फेल्डस्पारचे स्फटिक वाढतात आणि आपल्या जालरचनेत थोडे पोटॅशियम घेतात, अरगॉन मात्र जवळजवळ घेत नाहीत. पाटी कोरी होते. त्यानंतर पोटॅशियमच्या जागी जो अरगॉन जन्मतो तो चहूबाजूंनी सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या साखळ्यांनी वेढलेला असतो. तो कोणाशी बंध जोडत नाही, म्हणून स्फटिकाचा भाग होत नाही. पण हेलियमपेक्षा बराच मोठा असल्याने फटीतून सरकतही नाही. कडेकोट वाड्यातल्या नजरकैद्यासारखा तो तिथे राहतो. वाडा शाबूत असेल तर कैदी मोजून कोठडीचे वय काढता येते.

अडचण प्रमाणाची आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम फारच थोडे. अशा एक ग्रॅम दगडात साडेसहा कोटी वर्षांत जमलेला अरगॉन एका घन सेंटिमीटरच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी भरतो. तेवढा वायू निर्वातात वितळवून काढायचा, त्यात शिरलेला हवेतला अरगॉन अरगॉन-३६ च्या मापावरून वजा करायचा आणि मग हिशेब मांडायचा. शिवाय आपला पावसाळा. पाणी कातळात मुरते, फेल्डस्पार कुजून चिकणमाती होते आणि जालरचना मोडली की वायू निघून जातो. ज्या काळ्या मातीवर विदर्भाची कपाशी आणि संत्री उभी आहेत ती माती म्हणजे अरगॉन सुटून गेलेला ट्रॅपच आहे. म्हणून १९६० आणि १९७० च्या दशकांत पोटॅशियम-अरगॉन पद्धतीने दख्खनची जी वये निघाली ती एकमेकांपासून कोट्यवधी वर्षे दूर पडली. काही ठिकाणी वायू निसटलेला होता, तर काही ठिकाणी खालून वर येतानाच लाव्हाने जुना अरगॉन बरोबर आणलेला होता. त्या आकड्यांवरून ज्वालामुखी कित्येक कोटी वर्षे धुमसत होता असे दिसे. साहनी आणि त्यांचे विरोधक दोघेही त्यात बसून जात, आणि म्हणूनच त्यातून काही ठरत नव्हते.

तोडगा १९६६ मध्ये छापून आला. बर्कलीच्या क्रेग मेरिह्यू आणि ग्रेनव्हिल टर्नर यांनी सुचवले की दगड आधी अणुभट्टीत ठेवावा. वेगवान न्यूट्रॉनच्या माऱ्याने साध्या पोटॅशियमचे काही अणू अरगॉन-३९ होतात. मग पोटॅशियम वेगळे मोजायला नको, आई आणि लेक दोघांचाही हिशेब एकाच वायूतून एकाच कणासाठी मिळतो. दुसरा फायदा त्याहून मोठा होता. नमुना एकदम न वितळवता पायरीपायरीने तापवायचा. कुजलेल्या कडांचा वायू आधी सुटतो आणि गाभ्यातला शेवटी. गाभ्यातल्या पायऱ्या सलग एकच वय सांगू लागल्या तर त्यावर विश्वास ठेवायचा. मेरिह्यू हा निबंध पाहायला राहिले नाहीत, त्याआधीच्या वर्षी ते डोंगरावर अपघातात गेले होते.

१९८८ मध्ये रॉबर्ट डंकन आणि डग्लस पाइल यांनी या पद्धतीने सह्याद्रीच्या उभ्या कड्यांतले प्रवाह तपासले. कड्याच्या तळाचे आणि माथ्याचे वय जवळजवळ सारखेच निघाले, सुमारे सहा कोटी साठ ते ऐंशी लाख वर्षे. कित्येक कोटी वर्षांचा धुमसणारा ज्वालामुखी नाहीसा झाला आणि त्याच्या जागी थोड्या काळात झालेला अफाट उद्रेक आला, तोही नेमका डायनासोर संपले त्या सुमारास. त्याच्या दोन वर्षे आधीच व्हिन्सेंट कुर्तियो आणि सहकाऱ्यांनी खडकांतल्या चुंबकत्वाच्या आधारे हीच दिशा दाखवली होती. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत टी. आर. वेंकटेशन, कांचन पांडे आणि के. गोपालन हेच काम करत होते. सह्याद्रीचे दगड तुर्भ्याच्या अप्सरा अणुभट्टीत जात, तिथून अहमदाबादला येत आणि मग त्यांतला वायू मोजला जाई. १९९३ मध्ये या तिघांनी विचारले की उद्रेकाचा मोठा भाग डायनासोरांच्या अंताआधीच उरकला होता का? प्रश्न गैरसोयीचा होता, पण त्यांचे आकडे तसे सांगत होते. पांडे पुढे मुंबईच्या आयआयटीत गेले आणि दख्खनच्या वयाचा आढावा घ्यायचा म्हटले की त्यांचे नाव टाळता येत नाही.

नागपूरच्या दुसऱ्या अंगाला, मँगनीजच्या पट्ट्यात, याच वायूची याहूनही जुनी कोठडी निघाली. सर्वेक्षणातले लुई ली फर्मर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या खाणी पायी पालथ्या घातल्या आणि १९०९ मध्ये भारतातल्या मँगनीजवर प्रचंड ग्रंथ लिहिला. झाबुआतल्या काजळीडोंगरीच्या खनिजाला त्यांनी हॉलंडाइट म्हटले, नागपूर जिल्ह्यातल्या बेलडोंगरीवरून बेलडोंगराइट, तर छिंदवाड्यातल्या सीतापारवरून सीतापाराइट. हॉलंडाइटच्या कुळातल्या खनिजांची रचना मोठी देखणी असते. मँगनीज आणि ऑक्सिजनच्या भिंती, आणि त्यांमधून आरपार जाणारे चौकोनी बोगदे. बोगद्यांत बेरियम बसते किंवा पोटॅशियम. पोटॅशियम बसले की ते क्रिप्टोमेलेन, आणि मग त्या बोगद्यातच अरगॉन जन्मतो आणि तिथेच थांबतो. १९९५ मध्ये हायडेलबर्गचे लिपोल्ट आणि हाउटमान यांनी सीतापारच्या क्रिप्टोमेलेनमधला अरगॉन मोजला. वय आले सुमारे पंचाण्णव कोटी वर्षे. बोगद्यासारखी उघडी दिसणारी रचना इतका काळ वायू सांभाळते, यावर सहज विश्वास बसत नाही. पण मोजमाप तेच सांगते.

आणि हा लाव्हा आला किती खोलून? इथेही साक्ष राजवायूचीच. पृथ्वी घडताना तिच्यात जे हेलियम-३ बंद झाले ते किरणोत्सारातून फारसे नव्याने तयार होत नाही. त्यामुळे एखाद्या खनिजात त्याचे प्रमाण जास्त निघाले तर तो ऐवज अशा खोल भागातून आला, जो अजून पुरता रिता झालेला नाही. १९९३ मध्येच आशिष बसू, पॉल रेनी आणि सहकाऱ्यांनी राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरणू-दंडाली इथल्या दख्खन उद्रेकाच्या सुरुवातीच्या खडकांतली खनिजे तपासली. त्यांत हेलियम-३ चे हेलियम-४ शी असलेले गुणोत्तर हवेतल्या गुणोत्तराच्या सुमारे चौदापट भरले. समुद्रतळाच्या नेहमीच्या लाव्हात ते साधारण आठपट असते. प्रावरणातून वर आलेल्या उष्ण झोताचा हा पुरावा म्हणून मांडला गेला.

इतक्या दाबाखाली, इतक्या तापात हे वायू राहतात तरी कुठे, याचा शोध प्रयोगशाळांत अजून चालू आहे. २०१२ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटला स्व्यातोस्लाव श्चेका आणि हान्स केप्लर यांनी खालच्या प्रावरणातले मुख्य खनिज प्रचंड दाबाखाली घडवून पाहिले. त्यात अरगॉन एक टक्क्यापर्यंत सामावला, झेनॉन हा दुसरा राजवायू मात्र फारच थोडा. हवेत झेनॉन अपेक्षेपेक्षा कमी का, याचे एक उत्तर त्यातून सुचले. पुढच्या वर्षी कॉलिन जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी अँफिबोल या खनिजात राजवायू चांगलेच विरघळतात हे दाखवले. त्याच्या रचनेत सिलिकेटची वलये असतात आणि वलयांच्या मध्यभागी रिकाम्या जागा. समुद्रतळाचा खडक पाण्याने बदलून पृथ्वीच्या पोटात जातो तेव्हा हवेतले हे वायूही अशा जागांत बसून खाली जात असावेत. वर सुटलेले काही पुन्हा खाली पोहोचतात, असा त्याचा अर्थ.

टाकळीच्या वादाकडे परत येताना दोन गोष्टी नोंदवल्या पाहिजेत. २००९ मध्ये गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी छिंदवाड्यातल्या झिलमिलीच्या इंटरट्रॅपियन थरात समुद्री सूक्ष्मजीव सापडल्याचे जाहीर केले, आणि ते डायनासोरांच्या अंतानंतर लगेचच्या काळातले, म्हणजे तृतीयकाच्या अगदी आरंभीचे निघाले. पूर्वेकडचे सगळेच थर एका वयाचे नाहीत. हिस्लॉप आणि त्यांच्या विरोधकांनी ज्या सीमारेषेवरून वाद घातला ती याच लाव्हाच्या थरांमधून जाते. दुसरी गोष्ट २०१९ ची. त्या वर्षी ‘सायन्स’च्या एकाच अंकात दोन निबंध आले. ब्लेअर शोनी यांच्या गटाने झिर्कॉन या खनिजातल्या युरेनियमवरून उद्रेकाचे चार वेगवेगळे झटके मोजले आणि एक मोठा झटका डायनासोरांच्या अंताच्या थोडा आधी ठेवला. कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने फेल्डस्पारमधल्या अरगॉनवरून उद्रेक सलग मानला आणि लाव्हाचा अधिक भाग त्या घटनेनंतर ओतला गेला असे म्हटले. दोघांत वाद आहे तो काही हजार ते काही लाख वर्षांचा. एके काळी तो कोटींचा होता.

हे दोन्ही गट सह्याद्रीत काम करत होते. नागपूर, छिंदवाडा आणि मंडल्याकडचे प्रवाह सह्याद्रीतल्या नेमक्या कोणत्या थरांशी जुळतात, हे रासायनिक पृथक्करण, चुंबकत्व आणि अरगॉन यांच्या साह्याने अजून ताडून पाहिले जात आहे. त्यासाठी न कुजलेला दगड लागतो, आणि तो मिळतो खाणीच्या ताज्या तोडीत, मातीच्या बराच खाली.